पिंजऱ्याखालचे कोरडे कागद

उंदराला दिवसातून किती वेळा लघवी होते हे मोजण्याचंही एक शास्त्र आहे, आणि एम.फार्म.ची माझी दोन वर्षं त्यात गेली. गावात कुणी विचारलं की आई म्हणायची, "औषधाचं शिकतीय बीडला," आणि लगेच शेळीला हाक मारायची नाहीतर चुलीकडं वळायची. लेक उंदरांच्या मुताचे डाग मोजते हे तिला माहीत होतं. ते चारचौघांत सांगण्यासारखं आहे असं तिला वाटत नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही वाटत नव्हतं.

आमचं फार्मसी कॉलेज बीडच्या बाहेर, रस्त्याला लागूनच. मागच्या अंगाला ॲनिमल हाऊस. उंदरांना खाणंपाणी द्यायला आणि पिंजरे धुवायला तिथं एक वयस्कर शिपाई होते, सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. ते उंदरांशी जेवढं बोलायचे तेवढं माणसांशी बोलत नसत. माझं काम सकाळी सुरू व्हायचं. जाळीच्या तळाच्या एकेका पिंजऱ्यात एकेक उंदरीण ठेवायची, खाली पांढरा गाळणकागद अंथरायचा, तीन तासांनी तो काढून वाळवायचा आणि जांभळ्या दिव्याखाली धरायचा. त्या उजेडात लघवीचे डाग चमकतात. निरोगी उंदरीण शहाण्यासारखी एका कोपऱ्यात जाते, तिच्या कागदावर दोन-तीन मोठे डाग. जिच्या मूत्राशयाला आम्ही इंजेक्शन देऊन आग लावलेली असायची, तिचा कागद मात्र ठिपक्याठिपक्यांनी भरलेला. मी पेन्सिलीने प्रत्येक ठिपक्याभोवती गोल काढायचे.

ते ठिपके मला घरचे होते. आईने चौदा हंगाम ऊस तोडला. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. आम्हा चौघांच्या बाळंतपणांनंतरही फार दिवस घरी बसली नाही. पुढं तिला खोकला आला तरी लघवी सुटायची, आणि लागली की मोरीपर्यंत पोचायची खात्री नसायची. ती हे कुणाला बोलली नाही. मला कळलं ते वाळत घातलेल्या परकरांवरून. एका बाईचे दिवसाला चार परकर कशाला वाळतील. ती एसटीत बसायची नाही, वडवणीचा बाजारही चालत करायची. लग्नाला गेली तर मांडवाच्या कडेला उभी राहायची, आणि कुणी बसायचा आग्रह केला की गुडघ्याचं निमित्त सांगायची.

मी हे एकदा माझ्या गाइड मॅडमना सांगितलं होतं. सांगताना मला रडू आलं. मला रडू सहज येत नाही, राग येतो. मॅडमनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मग हा विषय तुझाच, लेकरा." त्या दिवसापासून मी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. त्या माझ्यासाठी डब्यात दोन भाकरी जास्तीच्या आणायच्या. हॉस्टेलवर ताप आला तेव्हा स्वतः काढा घेऊन आल्या. त्यांच्याविषयी कुणी वाकडं बोललं की मी भांडायला उठायचे, आणि मी भांडते कशी हे आमच्या वर्गाला चांगलं माहीत होतं.

विषय असा होता. लघवी आवरत नाही त्यांना एक औषध देतात, ते मूत्राशयाचं उगाच आवळणं थांबवतं. दुसरं एक जुनं औषध आहे, मन खचलेल्यांना देतात, शिरेच्या दुखण्यालाही देतात. तेही मूत्राशय सैल करतं, वर त्याचं तोंड घट्ट करतं. दोन्ही थोडं थोडं एकत्र दिलं तर काम जास्त होईल आणि तोंडाला कोरड पडण्यासारखे त्रास कमी होतील, असा मॅडमचा विचार. विचार वाईट नव्हता. पिंजऱ्यांवर आम्ही चिठ्ठ्या लावल्या होत्या. एका ओळीवर 'अ', एका ओळीवर 'ब', आणि सहा जणींच्या ओळीवर 'अ+ब'. उरलेल्या ओळीला नुसतं पाणी.

'अ+ब'चे कागद बघून मी तिसऱ्या दिवशी मामांना पेढा देण्याची भाषा केली. कागद जवळजवळ कोरडे. कुठं एखादा ठिपका, कुठं तोही नाही. ज्या उंदरिणी आठवडाभरापूर्वी पिंजराभर ठिबकत होत्या त्या आता गप्प बसून होत्या. मी कागद मॅडमच्या टेबलावर मांडले आणि आम्ही दोघी बराच वेळ त्या कोऱ्या पांढऱ्या कागदांकडे बघत राहिलो. माझ्या मनात त्या वेळी आईची वाळत घालायची दोरी होती.

पाचव्या दिवशी सकाळी त्या सहांपैकी एक मेलेली होती. दुसरी कोपऱ्यात पाठ वाकवून बसली होती, हात लावला की चावायला यायची. तिला उचललं तर खालच्या पोटात काहीतरी कठीण लागलं, बोराएवढं, टणक. मी मॅडमना बोलावलं. त्यांनी हातमोजे घालून पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "इन्फेक्शन झालंय. भुसा ओला राहिला असेल. या दोघी वगळ. रजिस्टरमध्ये काही लिहू नकोस, नंतर आपण एकत्र लिहू." मी लिहिलं नाही. भुसा ओला नव्हता, मामांचा भुसा कधीच ओला नसायचा. मला ते तेव्हाही माहीत होतं. मी मान डोलावली आणि पुढच्या पिंजऱ्याकडे गेले.

उरलेल्या चौघींचं शेवटचं काम आठव्या दिवशी होतं. लघवी करून झाल्यावरही मूत्राशयात किती शिल्लक राहते ते त्यात मोजायचं असतं. तेच खरं महत्त्वाचं मोजमाप. त्या दिवशी माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. मॅडम म्हणाल्या, "जा तू, मी करते." मी आल्यावर तक्ता भरलेला होता. शिल्लक, जवळजवळ शून्य. पुढं संभाजीनगरला एका परिषदेत आम्ही ते मोठ्या फलकावर लावलं, माझे कोरडे कागद फोटो काढून त्यावर चिकटवले. लोक थांबून बघायचे. मॅडम सगळ्यांना सांगायच्या की हे काम या पोरीनं तिच्या आईसाठी केलंय. मी लाजून जमिनीकडे बघायचे आणि मनातून फुगायचे.

मध्यंतरी मी आईला बीडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. नेलं म्हणजे ओढत नेलं. त्यांनी तिला पहिलं औषध सुरू केलं, आमच्या चिठ्ठीवरचं 'अ'. चार परकरांचे दोन झाले. त्यानंतर तिची कंबर धरली, पायात कळ उतरायला लागली, तेव्हा ती परस्पर वडवणीला एका डॉक्टरकडे जाऊन आली. त्याने गोळ्यांचं पाकीट दिलं. ते तिने शनिवारी मला दाखवलं आणि मी हसायलाच लागले. ते 'ब' होतं.

"दुसरी एक गोळी चालू हाय, हे सांगितलंस का त्याला?" मी विचारलं.

"त्या लेकराला काय सांगू?" आई म्हणाली. "शेजारच्या गावचा हाय. त्याची माय आन् मी ऊसतोडीला एका टोळीत व्हतो. उद्या तिच्या कानावर जाईल, आन् मग सगळ्या गावाच्या."

आमच्याकडच्या बायका अशाच. दुखणं दोन डॉक्टरांत वाटून ठेवतात, लाज ज्याच्यापाशी कमी तिथं तेवढंच उघडं करतात, आणि एकाची गोळी दुसऱ्याला कळू देत नाहीत. दोन्ही गोळ्यांची गाठ पडते ती त्यांच्या पोटात. माझ्या आईच्या बाबतीत ती गाठ बघणारं माणूस होतं. मी होते. पुस्तकात एक ओळ होती, ही दोन औषधं बरोबर देताना जपावं, लघवी अडकू शकते. ती ओळ मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. पण माझ्यापाशी आता पुस्तकापेक्षा मोठं काहीतरी होतं. माझ्यापाशी माझे कागद होते.

तरी मी सोमवारी मॅडमना विचारलं. दोन्ही पाकिटं त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "मॅडम, आईला दोन्ही द्यायच्या का? एकदा डॉक्टरीणबाईंना विचारू?" त्यांनी पाकिटं उलटून बघितली. थोड्या थांबल्या. ते थांबणं मला आज लख्ख दिसतं. मग हसून म्हणाल्या, "आपल्या उंदरांकडे बघ ना. इतकं करून आपलाच आपल्यावर विश्वास नाही का?"

मी घरी फोन करून आईला सांगितलं, दोन्ही घे.

पुढचे सहा-सात दिवस आमच्या घरात सणासारखे गेले. दोरीवर एकच परकर. कंबर थांबली. आई गावातल्या बायकांबरोबर जीपमध्ये बसून कपिलधारला जाऊन आली. जीपमध्ये, मधल्या सीटवर, दाटीवाटीत. धबधब्याखाली भिजून आल्याचं तिने मला फोनवर तीनदा सांगितलं. "आता कपडे वले झाले तरी कुणी इचारीना," म्हणाली आणि खळखळून हसली. मी तिचं हे हसणं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मॅडमना सांगितलं तर त्याही हसल्या. त्या हसल्या हे मला पुढं फार दिवस सहन झालं नाही.

मग भावाचा फोन आला. आईचं पोट फुगलंय, सकाळपासून लघवी नाही, अंगाला हात लावू देत नाही. तिला दोन दिवस जड वाटत होतं. तिला वाटलं कपिलधारला उपासाची भगर खाल्ली ती बाधली. लघवी होत नाही याची तक्रार करायचं तिच्या डोक्यात आलंच नाही. ज्या बाईचा जन्म लघवी थांबावी म्हणून देवाला हात जोडण्यात गेला, ती थांबली म्हणून रडणार कशी. भावाने तिला जीपमध्ये घालून बीडला आणलं तोवर ती घामाने चिंब झाली होती. मी दवाखान्याच्या दारात उभी होते. तिला उतरवून घेताना माझा हात तिच्या पोटाला लागला. ते कठीण मी आधी हाताळलेलं होतं.

नळी घातल्यावर पिशवी भरत गेली, बदलली, पुन्हा भरली. सिस्टर म्हणाली, "बाई, एवढं घेऊन बसलात कशा?"  आईचे डोळे मिटलेले होते, आणि कळ ओसरल्यावर चेहरा अगदी लहान पोरीसारखा झाला होता. डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं बघितली आणि मला विचारलं की ही बरोबर घ्यायला कुणी सांगितलं. मी म्हणाले, मी. ते म्हणाले, तुम्ही काय करता. मी म्हणाले, औषधाचं शिकते. त्यानंतर ते माझ्याशी न बोलता भावाशी बोलले.

आईजवळ भावाला ठेवून मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले ती सरळ ॲनिमल हाऊसला. मामा पिंजरे धूत होते. मी त्यांना विचारलं, "मामा, त्या अ+बच्या चार उंदरिणी. मी लग्नाला गेलते त्या दिवशी. त्या कशा होत्या?"

मामांनी पाण्याचा नळ बंद केला. "कशा म्हंजे? टम्म," ते म्हणाले. "चारीच्या चारी. म्याडमनी चिरल्या तवा मीच ताट धरलतं. ह्ये एवढे फुगे." त्यांनी अंगठ्याचं पेर दाखवलं. "म्या म्हणलं, म्याडम, ह्यांचं मूत तटलंय. त्या म्हणल्या, मामा, तुमी भुसा बघा. मंग म्या भुसा बघितला."

"मला का सांगितलं नाही?"

"तुमच्या दोघींचंच काम हाय ना त्ये. मला वाटलं तुला ठावं असंल. पयल्या दोन तर तूच बघितलत्या."

मामांनी नळ पुन्हा सोडला. 

मॅडम केबिनमध्ये होत्या. मी बसले नाही. मी म्हणाले, तुम्हाला माहीत होतं. त्यांनी विचारलं, आई कशी आहे. मी पुन्हा म्हणाले, तुम्हाला माहीत होतं, कागद कोरडे होते कारण लघवी आतच तुंबली होती, सहाच्या सहा जणींची, आणि तुम्ही तक्त्यात शून्य लिहिलं. त्या दाराकडे बघून हळू म्हणाल्या, "आवाज कमी कर. पुन्हा सहा उंदीर आणून सगळं करायला आणखी सहा महिने गेले असते. माझी बढती या एका पेपरावर अडलीय, तुझी पदवीही. आणि मी डॉक्टर नाही. तू शास्त्राचं विचारलंस, मी शास्त्राचं सांगितलं." मी म्हणाले, मी आईचं विचारलं होतं. तेव्हा त्या म्हणाल्या, "ती उंदरं होती गं. मला काय ठाऊक माणसातही तसंच होईल."

केसाने गळा कापणं मी तोवर नुसतं बोलण्यात ऐकलं होतं. मी आईसाठी विचारलं तेव्हा याच बाईने मला म्हटलं होतं, आपल्या उंदरांकडे बघ. फलकापुढं उंदीर खरे, आईपुढं उंदीर खरे, आणि चूक निघाली की ती नुसती उंदरं. मी त्यांना बरंच बोलले. जे बोलले त्यातलं काही लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या डब्यातल्या भाकरींवरूनही मी बोलले, आणि त्या वेळी त्यांचे डोळे भरून आले, हे लपवून उपयोग नाही. मला वाटलं, रडा. आणि तरीही सांगते, त्या क्षणी त्यांनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला असता तर मी कदाचित तिथंच बसून रडले असते.

त्यांनी हात ठेवला नाही. त्यांनी माझा प्रबंध पुढं सरकवला, बांधून आलेला, सह्यांसाठी. पहिल्या दोघी त्यात एका ओळीत आहेत, 'संसर्गामुळे वगळल्या'. चौघींच्या पुढं शून्य. मी तो दोन दिवस हॉस्टेलवर ठेवला. चार भावंडांत शिकलेली मी एकटी, त्या पदवीकडे सगळं घर डोळे लावून होतं, वगैरे वगैरे. कारणं सगळ्यांपाशी असतात. मॅडमपाशीही होती. तिसऱ्या दिवशी मी सही केली.

आईला दहा दिवस नळी होती. ती घरी बाजेवर पडून, लघवीची पिशवी बाजेच्या कडेला अडकवलेली, वर तिने लुगड्याचा पदर टाकून ठेवलेला, कुणी आलं तर दिसू नये म्हणून. मी शेजारी लसूण सोलत बसले होते. तिने छताकडे बघत विचारलं, "ह्या दोन गोळ्या आधी उंदराला दिलत्या म्हणलीस ना तू. त्यांचं काय झालतं गं?"

मी ठरवून आले होते की तिला सगळं सांगायचं, मॅडमनी काय केलं ते. मी सांगितलंही. त्यांचं खोटं, तो तक्ता, ते शून्य. माझा आवाज चढत गेला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला दिसलतं का त्यातलं काही?"

"दोन," मी म्हणाले. "दोन फुगलेल्या मी बघितल्या. एक मेली. पण मॅडम म्हणाल्या की..."

"मंग मला कावून न्हाई सांगितलं?"

मी लसणाची पाकळी सोलायला घेतली. ती सोलून ताटात टाकली. मी पुन्हा म्हणाले, मॅडम म्हणाल्या. आईने मान माझ्याकडे वळवली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला भांडता आलं असतं.

"तुझ्या म्याडमला मी वळखत बी न्हाई," ती म्हणाली. "मी तुझ्या सांगण्यावरून गोळी खाल्ली."

आई आता बरी आहे. नळी निघाली, एकच औषध उरलं, दोरीवर परत दोन परकर असतात. मी एका डी.फार्म. कॉलेजात शिकवते. दोन औषधं एकत्र आली की काय होतं हा धडा माझ्याकडेच आहे, आणि तो मी चांगला शिकवते असं पोरं म्हणतात. गावात आईची आता तक्रार नसते की लेक काय शिकते ते सांगता येत नाही. ती अभिमानाने सांगते, माझी लेक औषधाची म्याडम हाय.

मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा तिला ताप होता. मी पर्समधून साध्या तापाच्या गोळीचं पाकीट काढलं आणि पाण्याच्या तांब्याबरोबर तिच्यापुढं धरलं. "ठिव तिथं," ती म्हणाली, "घेते जरा वेळानं." मी आत चहा ठेवायला गेले. बाहेर आले तर बाज रिकामी. शेजारच्या अंगणात आई उभी होती, अंगात ताप, डोक्यावर पदर, आणि शेजारणीच्या सुनेपुढं हात पसरलेला. ती सून दहावी नापास आहे. ती मी दिलेलं गोळीचं पाकीट उन्हाला धरून एकेक अक्षर वाचत होती, आणि आई तिच्या तोंडाकडे बघत विचारत होती, "नीट बघ बाई. घिऊ का?"